परक्या मुलखातलं युद्ध फसलं, तर निघावं की थांबावं?

कुलाब्याहून नेव्हीनगरच्या दिशेने निघालं की झाडांच्या वर एक निमुळता दगडी मनोरा दिसतो. त्या चर्चचं खरं नाव सेंट जॉन यांच्यावरून आहे, पण टॅक्सीवाल्याला 'अफगाण चर्च' असंच सांगावं लागतं. मुंबईत अफगाण कुठून आले? आले नाहीत. इथून लोक तिकडे गेले आणि परतले नाहीत. १८३८ ते १८४३ या काळात इंग्रजांच्या सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत जे मेले, त्यांचं हे स्मारक. आत भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. आणि तिथल्याच लेखात म्हटलंय की साधे शिपाई इतके होते, की त्यांची नावं अशी नोंदवणं शक्य नव्हतं. ते वाचताना मला पानिपतनंतरचं ते पत्र आठवलं: दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोहरांची यादी होते, खुर्द्याची होत नाही.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात, गोदीतून निवृत्त झालेले. १५ ऑगस्ट २०२१ ला रविवार होता. सकाळी खाली झेंडावंदन झालं आणि संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली, अमेरिका निघत असतानाच काबूल तालिबानच्या हाती पडलं. काकांनी आमची बेल वाजवली. "वीस वर्षं लढले आणि शेवटी सोडून आले? मग गेले कशाला? आणि गेलेच होते तर थांबायचं ना!"

एका दमात दोन उलटे प्रश्न. पण बहुतेकांच्या मनात ते असेच एकत्र असतात. तेव्हापासून कुठल्याही लांबच्या युद्धाची बातमी आली की काका येतात, आणि आमचा वाद तिथूनच पुढे सुरू होतो. त्या वादातलंच हे.

फसलेलं युद्ध म्हणजे कुठलं?

आधी एक गोष्ट बाजूला काढू. स्वतःच्या जमिनीवर कुणी चालून आलं, तर 'निघावं का' हा प्रश्नच नाही. निघून जाणार कुठे? १९९९ मध्ये कारगिलला तो कुणी विचारला नाही. इथे बोलतोय ते परक्या मुलखात आपण होऊन उतरलेल्या युद्धाबद्दल.

आणि फसलेलं म्हणजे लढाया हरलेलं, असं नाही. हे समजायला मराठी माणसाला व्हिएतनामपर्यंत जावं लागत नाही. १६८१ च्या अखेरीस औरंगजेब बुऱ्हाणपूरला येऊन पोचला. पुढे त्याने विजापूर घेतलं, गोवळकोंडा घेतला, १६८९ मध्ये संभाजीराजांना मारलं, रायगड घेतला. वहीत मांडलं तर हा माणूस जिंकतच होता. राजाराम महाराज जिंजीला गेले, तर तिथला वेढा जवळपास आठ वर्षं चालला, आणि किल्ला पडला तेव्हा महाराज आधीच निसटले होते. १७०० मध्ये ते गेले, तर ताराबाई उभ्या राहिल्या. म्हातारा बादशहा सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असा एकेक किल्ला घेत फिरला. काही तर किल्लेदाराला पैसे मोजून. त्याची पाठ वळली की मराठे किल्ला परत घ्यायचे. १७०७ मध्ये आजच्या अहिल्यानगरजवळ तो वारला. पंचवीस वर्षं दख्खनेत काढली, दिल्ली काही पुन्हा दिसली नाही.

गनिमी फौज हरली नाही तरी जिंकते आणि खडी फौज जिंकली नाही तर हरते, अशा अर्थाचं वाक्य हेन्री किसिंजर यांनी १९६९ मध्ये व्हिएतनामबद्दल लिहिलं. आपल्याकडे संताजी-धनाजींना ते कुणी लिहून द्यावं लागलं नव्हतं. बाहेरून आलेल्याला कधी ना कधी घरी जायचं असतं. तिथल्याचं घर तिथेच असतं, त्यामुळे तो वाट बघू शकतो.

म्हणून माझी व्याख्या साधी आहे. 'आणखी एक वर्ष लढल्याने काय बदलेल?' असा प्रश्न विचारा. दर वर्षी त्याचं तेच उत्तर येत असेल, तर युद्ध फसलंय. मग रोजच्या बातमीत किती शत्रू मारले आणि किती ठाणी घेतली, ते आकडे कितीही मोठे असोत.

काकांचा फ्लॅट

काका आमच्या इमारतीत भाड्याने राहतात, कारण त्यांची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने प्लिंथपर्यंत काम आणलं आणि थांबला. भाड्याचे चेक आधी उशिरा यायला लागले, मग बंदच झाले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी कुणीतरी बिल्डर बदलायचं काढतं, आणि दर वेळी काकाच उठून सांगतात, "एवढी वर्षं याच्यासाठी थांबलो. आता सोडला तर सगळं पाण्यात."

मी त्यांना म्हटलं, काका, ती वर्षं पाण्यात गेलीच आहेत. बिल्डर बदला किंवा ठेवा, ती परत येणार नाहीत. निर्णय घ्यायचा तो फक्त पुढच्या वर्षांचा. याच्याकडे लवकर घर मिळेल की दुसऱ्याकडे, एवढंच बघायचं. जे गेलं आणि कुठल्याही निर्णयाने परत येणार नाही, त्याला बुडीत खर्च म्हणतात. हिशोबात तो धरायचा नसतो. पण माणूस नेमका तोच धरतो. बस स्टॉपवर चाळीस मिनिटं उभं राहिलेला माणूस रिक्षा करत नाही. का? तर चाळीस मिनिटं उभा राहिलाय म्हणून.

काका त्या दिवशी चहा अर्धा टाकून गेले.

अर्थात या उदाहरणात एक खोट आहे, आणि ती महत्त्वाची आहे. फ्लॅटच्या बाबतीत निर्णय घेणारे काका आणि भाडं भरणारेही काकाच. युद्धात निर्णय घेणारा एक आणि किंमत मोजणारा भलताच. त्यातही माघार घेतली, की त्या दिवशीची नाचक्की सही करणाऱ्याच्या नावावर लागते. युद्ध आणखी दोन वर्षं रेटलं, तर नाचक्की पुढच्याच्या गळ्यात. मग आपल्या कारकिर्दीत हे दुकान बंद करणार कोण?

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मे १९६४ मध्ये आपले सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना व्हिएतनामबद्दल फोनवर सांगितलं होतं की, हे लढण्याच्या लायकीचं वाटत नाही आणि यातून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. ते संभाषण ध्वनिमुद्रित आहे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! आणि हे अमेरिकेची लढाऊ पलटण दा नांगला उतरण्याच्या दहा महिने आधीचं. १९६९ च्या एप्रिलपर्यंत तिथे अमेरिकेचे ५ लाख ४० हजारांच्या वर सैनिक होते.

७०, २०, १०

मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातले एक वरिष्ठ अधिकारी जॉन मॅकनॉटन यांनी एका टिपणात व्हिएतनाममधली उद्दिष्टं टक्क्यांत मांडली. मानहानीकारक पराभव टाळणं, ७० टक्के. तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणं, २० टक्के. तिथल्या लोकांना बरं, मोकळं आयुष्य मिळावं, १० टक्के. १९७१ मध्ये गुप्त कागद फुटले तेव्हा हे टिपण जगासमोर आलं.

या सगळ्या विषयात मला याच्याइतका प्रामाणिक कागद दुसरा दिसलेला नाही. युद्धाच्या सुरुवातीलाच दहापैकी सात भाग कारण 'आता लाज वाटेल' हे होतं. कुठलंही सरकार 'आत्ता निघता येणार नाही' म्हणतं, तेव्हा मी मनात हे तीन आकडे मांडून बघते. लाजेचा भाग किती, आपल्या खऱ्या सुरक्षिततेचा किती आणि तिथल्या लोकांचा किती? लाजेचा भाग निम्म्याच्या वर गेला असेल, तर निघावं. माझं मत हे आहे. पण त्यावर काकांचे आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत.

"म्हणजे पोरं फुकट गेली म्हणायची?"

हा आक्षेप पैशाच्या हिशोबासारखा झटकता येत नाही. गेलेल्यांच्या घरी जाऊन 'बुडीत खर्च' म्हणायची कुणाची छाती आहे? पण त्याचं उत्तर सैनिकांनीच देऊन ठेवलंय. व्हिएतनामहून परतलेला जॉन केरी नावाचा तरुण नौदल अधिकारी एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे बोलला. त्याने विचारलं, एका चुकीसाठी मरणारा शेवटचा माणूस हो, असं कुणाला कसं सांगायचं? व्हिएतनाममध्ये गेलेल्या ५८ हजारांवर अमेरिकनांपैकी २० हजारांहून जास्त १९६९ पासून पुढे गेले, म्हणजे निघायचं जवळपास ठरल्यावर. व्हिएतनामी किती गेले, त्याचे अंदाज कित्येक लाखांत आहेत.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. त्यात लढाई थांबल्यापासून ७२ तासांत सशस्त्र गटांनी शस्त्रं खाली ठेवायची होती. भारताची शांतिसेना त्यावर देखरेख करायला गेली. ऑक्टोबरपर्यंत ती 'लिट्टे' या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढत होती. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ जण मारले गेले आणि एक पकडला गेला. त्याच नोव्हेंबरच्या २५ तारखेला महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेतली. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. हे परमेश्वरन आपल्या मुंबईत जन्मलेले, इथेच शिकलेले. काका गोदीत होते, पेपर रोज वाचायचे, पण हे नाव त्यांना माहीत नव्हतं. मलाही फार उशिरा कळलं.

७२ तासांचे ३२ महिने झाले. १९८९ मध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनीच 'निघा' म्हणून सांगितलं, आणि शांतिसेनेला घालवायला त्यांच्या सरकारने 'लिट्टे'ला शस्त्रंही पुरवली. ज्याच्यासाठी गेलो, तोच शत्रूला बंदुका देतोय! मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, तोवर जवळपास १,२०० जवान गेले होते. मद्रासच्या बंदरात त्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

आता काकांचा प्रश्न उलटा करून बघा. आणखी पाच वर्षं थांबलो असतो, तर परमेश्वरन यांचा पराक्रम वाढला असता का? तो त्या रात्रीच पूर्ण झाला होता. युद्धाचा निकाल काय लागला, यावर तो टांगून ठेवायची गरज नाही.

"पळून आलो तर जगात पत काय राहील?"

पत जाते, हे खरंच आहे. प्रश्न असा की किती जाते आणि किती दिवस. फ्रान्सने १९६२ मध्ये अल्जेरिया सोडला. तो तर त्यांना परका मुलूखही वाटत नव्हता. दहा लाखांच्या आसपास युरोपीय वंशाचे लोक तिथून निघाले. फ्रान्सची पत बुडाली का? उलट द गॉल यांच्या काळातला फ्रान्स जगात जरा जास्तच ताठ चालला. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली, तेव्हा अमेरिकेचं संपलं असं पुष्कळांना वाटलं. सोळा वर्षांनी संपला तो सोव्हिएत संघ.

"हा, आता कसं!" काका म्हणतात. "रशियाने अफगाणिस्तान सोडला आणि दोन-तीन वर्षांत देशच फुटला."

क्रम बरोबर आहे, कारण मात्र तेवढं सरळ नाही. गोर्बाचेव्ह यांनी १९८६ मध्येच त्या युद्धाला वाहती जखम म्हटलं होतं. सोव्हिएत संघ आतून आधीच पोकळ झाला होता, आणि सुमारे १५ हजार सैनिक घेतलेलं ते युद्ध त्या पोकळीत भर घालत होतं. जखम बांधली म्हणून रोगी दगावला, असं म्हणता येत नाही.

काबूलची नाचक्की बघूनच सहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, पुतिन यांनी युक्रेनवर हल्ला केला असंही सांगतात. असेलही. पण २०१४ मध्ये त्यांनी क्रिमिया घेतला, तेव्हा अमेरिका अफगाणिस्तानात ठाण मांडून बसलेलीच होती. तिथे बसून राहिल्याने धाक बसला नव्हता.

"थांबल्यामुळे सुधारलेलं एकही युद्ध नाही?"

आहे, आणि ते लपवून उपयोग नाही. ४ जानेवारी १९५१ ला सोल शहर दुसऱ्यांदा शत्रूच्या हाती गेलं. चिनी फौजा खाली येत होत्या आणि कोरिया सोडून निघायचा विचार गंभीरपणे चालला होता. अमेरिका आणि तिचे साथी थांबले, मार्चमध्ये सोल परत घेतलं आणि जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली. आजचा दक्षिण कोरिया त्या थांबण्यामुळे आहे.

मग फरक काय? तिथे नकाशावर आखता येईल अशी रेघ होती आणि समोर गणवेशातली फौज होती. ज्याच्यासाठी लढायचं ते सरकार कसंही असलं, तरी त्याची माणसं त्याच्यासाठी लढत होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अख्खा कोरिया एक करायचं उद्दिष्ट त्यांनी सोडून दिलं आणि होतं ते राखण्यावर समाधान मानलं. उद्दिष्ट छाटलं म्हणून ते पुरं झालं.

मागे राहतात त्यांचं काय?

हा आक्षेप मला खोडता येत नाही.

अल्जेरियात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या स्थानिकांना 'हार्की' म्हणत. फ्रान्सने त्यातल्या बहुतेकांना मागे सोडलं आणि हजारो मारले गेले. श्रीलंकेत आपण निघताना आपल्या भरवशावर उभ्या केलेल्या तमिळ पोरांच्या फौजेचा 'लिट्टे'ने फडशा पाडला; तिथले मुख्यमंत्री वरदराजा पेरुमल भारतात आले म्हणून वाचले. काबूलला उडत्या विमानाला लटकलेली माणसं आपण सगळ्यांनी फोनवर बघितली. वीस वर्षांत अमेरिकेचे २,४०० च्या वर सैनिक गेले. अफगाण सैनिक आणि पोलीस ६० हजारांहून जास्त. 'ते लढलेच नाहीत' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

यावरून 'म्हणून कधीच निघू नये' असं ठरत नाही. पण दुभाषे, ड्रायव्हर, कारकून यांच्या याद्या आणि व्हिसा पहिली पलटण हलायच्या आत तयार हवेत, एवढं नक्की ठरतं. हे दानधर्माचं काम नाही, घेतलेलं उधार आहे.

दादरला उतरायचं असेल तर

विरार फास्टने रोज जाणाऱ्याला हे ठाऊक आहे. दादरला उतरायचं, तर दादर आल्यावर उठून चालत नाही. दोन स्टेशनं आधी उठायचं, पुढच्याला 'दादर?' विचारायचं, दाराकडे सरकत राहायचं. गाडी थांबल्यावर सीटवरून उठणारा एक तर उतरत नाही, नाहीतर चपला गाडीत सोडून उतरतो.

सोव्हिएत फौज १५ फेब्रुवारी १९८९ ला पूल ओलांडून शिस्तीत बाहेर पडली. मागे राहिलेलं नजीबुल्लांचं सरकार काही महिन्यांत पडेल, असं जवळपास सगळेच म्हणत होते. ते एप्रिल १९९२ पर्यंत टिकलं. कारण सैन्य गेलं तरी मॉस्कोहून पैसा, धान्य आणि दारूगोळा येत होता. १९९१ च्या शेवटी सोव्हिएत संघच संपला, रसद थांबली आणि चार महिन्यांत काबूल पडलं. उलट अमेरिका आणि तालिबान यांच्यातल्या २०२० च्या दोहा करारात वाटाघाटीच्या टेबलावर अफगाण सरकार नव्हतंच. निघण्याची तारीख मात्र आधीच जाहीर. सैनिकांबरोबर विमानं दुरुस्त करणारे कंत्राटी लोकही गेले, आणि अफगाण हवाई दल पंगू झालं. निघायचा निर्णय मला बरोबर वाटतो, उतरण्याची पद्धत नाही.

हे सगळं ऐकून परवा काकांनी विचारलं, "तुझ्या त्या चर्चवाल्यांचं काय झालं शेवटी?"

सांगितलं. तिथला अमीर दोस्त मोहम्मदला काढून इंग्रजांनी आपला माणूस काबूलच्या गादीवर बसवला. जानेवारी १८४२ च्या बर्फात सुमारे १६ हजार लोक काबूल सोडून निघाले. त्यातले बहुतेक बाजारबुणगे आणि बायकापोरं. १३ तारखेला जलालाबादला पोचला तो एक डॉक्टर, विल्यम ब्रायडन. बाकीचे मेले किंवा पकडले गेले, मोजके मागाहून सुटले. त्याच वर्षी इंग्रज सूड म्हणून पुन्हा काबूलला गेले, तिथला बाजार पाडला आणि परत आले. गादीवर पुन्हा दोस्त मोहम्मद.

"आणि मग अक्कल आली?"

"१८७८ मध्ये परत गेले. २७ जुलै १८८० ला मैवंदला हरले. नऊशेच्या वर माणसं गेली, त्यात मुंबईच्या पलटणींचे शिपाई होते. त्याच महिन्यात अब्दुर रहमानला अमीर मानलं होतं, त्याला पैसे लावून दिले आणि १८८१ मध्ये फौज काढून घेतली."

"पैसेच द्यायचे होते, तर आधीच द्यायचे." काका जरा वेळ गप्प बसले. मग चपला घालता घालता म्हणाले, "रविवारी मीटिंग आहे आमची. दुसरा एक बिल्डर येतोय म्हणे बोलायला."

"जाताय ना?"

"जातो. पण त्या जुन्याचं प्लिंथ झालंय गं."